औषध, रोगी आणि जीवाणू



श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू केले, ते शास्त्र लोकांच्या भाषेत पोचावे या ध्यासाने. त्या परंपरेला स्मरून एका नव्या प्रश्नाचा विचार करू : कर्करोगावर दिलेले औषध रोग्याच्या शरीरात वाटेतच निष्प्रभ का होते?

रोगजंतू आणि कर्करोग हे विषय एकमेकांपासून दूर नाहीत. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईत उभारलेल्या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी कुष्ठरोगाच्या जीवाणूंवरही काम केले. आज हे नाते आणखी निकटचे झाले आहे.

जेमसायटाबिन हे स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील नेहमीचे औषध. त्याची घडण डीएनएच्या एका घटकासारखी असते. पेशी ते आपलेच समजून उचलते आणि तिची वाढ खुंटते. परंतु कित्येक जीवाणूंजवळ सायटिडीन डीअमिनेज हे विकर असते. एरवी ते त्यांच्या चयापचयाच्या उपयोगी पडते. तेच या औषधातील अमिनो गट काढून त्याला निकामी करते. २०१७ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी व सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या ११३ गाठी तपासल्या. ८६ गाठींत जीवाणू आढळले. उंदरांवरील प्रयोगांत प्रतिजैविक दिल्यावर औषधाचा गुण परत आला.

हे औषध जीवाणूंनाही बाधते, म्हणून तेही त्याचा प्रतिकार करतात. २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी ई. कोलाय जीवाणू या औषधाच्या सान्निध्यात वाढविले. औषध आत ओढणारे वाहक प्रथिन गमावलेले जीवाणू तगले. दार मिटले, औषध आत शिरेना. आत शिरेना म्हणून त्याचा नाशही होईना. परिणामी प्रयोगशाळेत कर्कपेशींच्या वाट्याला अधिक औषध उरले. जीवाणूने आपला बचाव केला, आणि त्यातून औषधाचाही बचाव झाला.

म्हणजे जीवाणूंचा प्रतिकार रोग्याला दर वेळी मारकच ठरतो असे नाही. औषध मोडून टाकणारा जीवाणू अपायकारक, दार लावून घेणारा निरुपद्रवी. सरसकट प्रतिजैविके देणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. त्यांनी उपयोगी जीवाणूही मरतात. कोणत्या रोग्याच्या गाठीत कोणता जीवाणू काय करतो, हे ओळखूनच उपचार ठरवावा लागेल. त्या शोधाची वाट पाहणाऱ्या रोग्याला व त्याच्या घरच्यांना हे सारे मायबोलीत समजावे, हेही ग्रंथालयाचेच कार्य होय.