सेल्फचा आवाज आधी ऐका

आज कर्ज-हप्त्याचं बोलणं बाजूला ठेवू आणि गाडीचं बोलू. आता बऱ्याच गटांकडे स्वतःची पिकअप आहे. थंडी पडली की पहाटे ती सुरू व्हायला छळते, आणि नेमका तेव्हाच मागे माल भरलेला असतो.

आमचा गट निफाड तालुक्यातला. मेथी, कोथिंबीर, पालक भरून आमची डिझेल पिकअप पहाटे पाचला नाशिकला निघते. तिथल्या सोसायट्यांमध्ये आम्ही भाजी थेट विकतो. उशीर झाला की गिऱ्हाईक कामावर निघून जातं आणि उन्हानं पालेभाजी मान टाकते. गेल्या थंडीत गाडी रोज पहाटे रडायला लागली. सेल्फ मारला की नुसतं घर्र... घर्र... दुपारी मात्र एका किल्लीत चालू. गावात कुजबुज सुरू झाली, ‘बाई चालवते ना, मग बिघडणारच.’ मेकॅनिकदादा म्हणाले, बॅटरी बदला. नवी बॅटरी म्हणजे गटाच्या शिलकीला हात. बैठकीत आम्ही ठरवलं, आधी दोष सापडू दे, मग पैसे काढू.

पहाटेच का अडतं, ते समजून घ्या. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. आत हवा जोरात दाबली जाते, ती तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. थंडीत इंजिनाचं लोखंड गार, ऑइल घट्ट आणि बॅटरीचा जोरही कमी. इंजिन हळू फिरलं की हवा पुरेशी तापत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: सेल्फ जोरात फिरतोय की हळू?

हळू फिरत असेल किंवा नुसतं ‘टक्’ वाजत असेल, तर विजेची बाजू बघा. सेल्फ मारताना हेडलाइट एकदम मंद होतो का? बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे का? ती हातानं चोळू नका, त्यात आम्ल असतं. हातमोजे घाला. गाडी बंद करून आधी वजा खुणेची वायर काढा, मग अधिकची. लावताना उलटं, वजाची शेवटी. खायच्या सोड्याचं पाणी करून जुन्या ब्रशनं टर्मिनल घासा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. आणि गाडीची पूजा करताना पेटती उदबत्ती बॅटरीजवळ नेऊ नका. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

पुढचं काम मीटरचं. इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा मल्टिमीटर मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे. 12.2 दाखवलं तर अर्धी उतरली आहे. एकीनं सेल्फ मारावा, दुसरीनं आकडा बघावा. त्या वेळी तो 10 च्या बराच खाली घसरला तर बॅटरीवर संशय घ्यायचा. आमचा आकडा 11 च्या खाली गेला नाही. म्हणजे बॅटरी ठीक होती, पण तिची ताकद सेल्फपर्यंत पोचत नव्हती.

मग मीटरची एक तार बॅटरीच्या वजा टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारला. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं. आमच्याकडे दीड दिसला! इंजिन आणि चेसिस जोडणारी अर्थची जाड वायर बोल्टखाली गंजली होती. ती सोडवली, पॉलिश पेपरनं लोखंड चकाकेपर्यंत घासलं आणि बोल्ट घट्ट आवळला. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी एका किल्लीत सुरू झाली. खर्च झाला तो मीटरचा आणि पॉलिश पेपरचा.

आता दुसरी तऱ्हा. सेल्फ छान फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. तेव्हा एकीनं मागे जाऊन सायलेन्सरकडे बघावं. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. हीटर प्लग तपासून घ्या. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याचं चिन्ह लागतं, ते विझल्यावरच सेल्फ मारायचा. धूर मुळीच नसेल तर डिझेल पोचत नाही. टाकीत डिझेल आहे ना, ते बघा. मग फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बरणीत घ्या. पाणी असेल तर ते खाली बसतं, डिझेल वर तरंगतं. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा, स्क्रू आवळा आणि हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, म्हणजे लाइनमधली हवा निघते.

तीन गोष्टी मात्र करू नका. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ जळतो. हवेच्या नळीत पेट्रोल ओतू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. आणि इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या सोडवू नका. नव्या गाड्यांत तिथे इतका दाब असतो की डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. ते काम मेकॅनिकचं.

मेकॅनिककडे जायचंच आहे, पण ‘गाडी चालू होत नाही’ एवढंच सांगायला नको. ‘सेल्फ हळू फिरतो, बॅटरी 12.5 दाखवते, धूर नाही’ असं सांगा. ‘दादा, मीटर लावून दाखवा, मग पार्ट बदला’ असंही म्हणा. चांगला कारागीर याचा राग धरत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. गटाच्या दप्तरात गाडीची एक वही ठेवा. बॅटरी कधी घेतली, फिल्टर कधी बदलला, कुठल्या दिवशी कसा आवाज आला, सगळं तारखेनिशी लिहा.

गाडी बाई चालवते की बापया, हे अर्थच्या वायरीला कळत नाही. ती गंजली की दोघांनाही रडवते. येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की सगळ्या जणी गाडीजवळ जा, बॉनेट उघडा आणि बॅटरी, अर्थची वायर, डिझेल फिल्टर एकमेकींना ओळखून दाखवा. फक्त चालवणाऱ्या ताईंनी नव्हे, सगळ्यांनी. गाडीचा हप्ता सगळ्या भरतात, मग तिची ओळखही सगळ्यांना हवी.