सासूबाईंचं नाक



रोजच्या साध्यासुध्या आनंदांबद्दल बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी आधी एका पाठकोऱ्या कागदावर यादी केली. सकाळचा आल्याचा चहा. उन्हात वाळलेल्या चादरीची घडी. भात शिजताना घरभर पसरणारा आंबेमोहोराचा वास. संध्याकाळचा मोगऱ्याचा गजरा. वळवाचा पहिला पाऊस. यादी वाचून पाहिली आणि माझं मलाच हसू आलं. यातली एकूण एक गोष्ट नाकाची होती! आणि तेच नाक मी २०२१ साली चांगले सात महिने गमावून बसले होते. तेव्हा आज त्या सात महिन्यांबद्दलच बोलते.

पण त्याआधी सासूबाईंच्या नाकाबद्दल सांगायला हवं. ते नाक सगळ्या सांगलीत प्रसिद्ध आहे असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण आमच्या गल्लीत तरी आहे. शेजारच्या आमटीत आज चिंच आहे की आमसूल, हे त्या व्हरांड्यात बसून सांगतात. १९८८ साली मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हापासून या नाकाचा मला धाक. तूप कढवताना माझी पाठ वळायची खोटी, की माजघरातून आवाज यायचा, “अगं, तूप लागतंय!” दूध नासणार हे दुधाच्याही आधी त्यांना कळायचं. धाक होता आणि, आता कबूल करायला हरकत नाही, रागही होता. स्वयंपाकघरात मी एकटी असले तरी एकटी नसायचे.

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट. मला ताप आला आणि माझी रवानगी माडीवर झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी दाराबाहेर चहा ठेवला. एक घोट घेतला आणि वाटलं, हे आलं घालायला विसरले. दुसरा घोट घेतला, वाटलं, चहाच घालायला विसरले. नुसतं गोड गरम पाणी. बामाची बाटली उघडून नाकाशी धरली. आत गार लागलं, डोळ्यांत पाणी आलं, पण वास म्हणून काही नाही.

दोन आठवड्यांनी मी खाली उतरले. आमच्या गल्लीतली दोन घरं त्या महिन्यात कायमची बदलली होती. ज्यांची माणसं गेली, त्यांच्यासमोर ‘मला वास येत नाही हो’ म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून मी कुणाला बोललेच नाही. घरातसुद्धा नाही.

तोवर माझी समजूत होती की चव जिभेला कळते. आपल्याकडे षड्रस म्हणतात: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. ते सहाही मला कळत होते. पण कैरीची डाळ ही नुसती आंबट तिखट नसते आणि पुरणपोळी नुसती गोड नसते. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागच्या वाटेनं नाकात चढतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग तिथं तयार होतो. ती वाट बंद झाली. आमच्या सांगलीकडचं भडंग तोंडात टाकलं तर ते कुरकुरीत, खारट आणि तिखट लागायचं. पण लसूण कुठं गेला? भाजलेले शेंगदाणे कुठं गेले?

आणि खाण्याचंच काय घेऊन बसलात! सांगली म्हणजे हळदीचं गाव. पूर्वी हरिपूरला जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवायचे. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. मार्केट यार्डावरून जाताना डोळे मिटले तरी कळतं आपण कुठं आहोत ते. त्या मे महिन्यात मी रिक्षातून तिथून गेले आणि मला काही कळलं नाही. आपलं गाव काचेच्या पलीकडून पाहावं, तसं झालं.

जूनमधली एक दुपार. दूध मंद आचेवर ठेवून मी फोन घ्यायला बाहेर गेले. परत येऊन ओट्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसले. दूध केव्हा उतू गेलं आणि ज्योत केव्हा विझली, मला पत्ता नाही. काठी टेकत, भिंतीला धरत सासूबाई दारात आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या तेव्हा.

“गॅस! अगं, गॅस!”

“काही नाही हो आई. तुम्हाला भास झाला,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. सरळ पुढं होऊन बटण फिरवलं आणि काठीच्या टोकानं खिडकी ढकलली. मी सवयीनं पंखा लावायला हात पुढं केला, तर ती काठी माझ्या मनगटावर बसली. “विजेच्या बटणाला हात लावू नकोस!” मग खालून सिलेंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि आम्ही दोघी अंगणात जाऊन उभ्या राहिलो.

श्रोतेहो, आपल्या घरातल्या गॅसला मुळात जवळजवळ वास नसतो. गळती माणसाला कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. म्हणजे ती सगळी योजना आपल्या नाकावर विसंबून आहे. गळती झाली तर रेग्युलेटर बंद करायचा, दारंखिडक्या उघडायच्या, विजेचं कुठलंही बटण ना लावायचं ना बंद करायचं, आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. हे मला ठाऊक होतं. पण ज्या नाकानं मला उठवायचं, तेच झोपलेलं होतं.

अंगणात उभ्या उभ्या मला रडू फुटलं. दोन महिने लपवलेलं सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. एवढंच म्हणाल्या, “तरीच म्हटलं, तुझ्या आमटीला झालंय काय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माजघरातलं स्टूल स्वयंपाकघरात आलं होतं आणि सासूबाई त्यावर बसल्या होत्या. “मोहरी तडतडलेली तुला ऐकू येईल,” त्या म्हणाल्या. “पण हिंग फुलला की करपला, ते ऐकू येत नाही. ते मी सांगते.”

आणि खरंच सांगायला लागल्या. “आता टाक हळद.” “रवा अजून कच्चा आहे.” “आता झाला खमंग, उतरव.” ज्या सूचनांनी तेहतीस वर्षं माझ्या कपाळाला आठी पडायची, त्यांची मी वाट पाहू लागले. त्यांच्याजवळ वासांसाठी किती शब्द आहेत, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. खमंग वेगळं, खरपूस वेगळं, करपट वेगळं. तेल खवट होतं, पीठ आंबूस होतं, पावसाळ्यात कपडे कुबट होतात. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं तर ते कळकतं. अंडं फेटलेल्या भांड्याला हिवसा येतो. एकेक शब्द म्हणजे पिढ्यान् पिढ्या नाक उघडं ठेवून वावरलेल्या बायकांची कमाई. मला वास येत नव्हता, पण शब्द येत होते. त्या शब्दांवर मी स्वयंपाक केला.

नंतर ह्यांनी मला नाक, कान, घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी समजावून सांगितलं की नाकात अगदी वरच्या बाजूला, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत, वास ओळखणाऱ्या पेशी असतात. या रोगाचा मारा मुख्यतः त्यांच्या आजूबाजूच्या, त्यांना आधार देणाऱ्या पेशींवर होतो. आणि दिलासा असा, की वासाच्या पेशी आयुष्यभर नव्यानं तयार होत राहतात. औषध त्यांनी फारसं दिलं नाही. व्यायाम दिला. चक्क नाकाचा व्यायाम! जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी २००९ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला होता. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, असे चार वास सकाळ संध्याकाळ लक्ष देऊन हुंगायचे, आठवडेच्या आठवडे.

आमची रोजची शाळा सुरू झाली. मी डोळे मिटायची, सासूबाई डब्या नाकाशी धरायच्या. त्यांनी आपला म्हणून पाचवा विषय घातला, वेखंड. “ह्याला कोण फसत नाही,” म्हणाल्या. मी फसले. रोज फसत होते. लवंग हुंगताना त्या म्हणायच्या, “दाढ दुखायची तेव्हा लावायचीस ती आठव.” मी आठवायची. नाकात काही नसायचं, पण आठवणीत असायचं.

सप्टेंबरात काहीतरी आलं, पण उलटंच. कांदा परतला की जळक्या रबराचा वास! मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, वास परत येताना बऱ्याच जणांना असं होतं, व्यायाम सोडू नका.

आणि मग कार्तिकात तुळशीच्या लग्नाआधी मी वृंदावनाला गेरू लावत होते. गेरू सुकला, तुळशीला पाणी घातलं, ते ओघळून कोरड्या कडेवर आलं, आणि आला! ओल्या मातीचा वास आला. पुसट, क्षणभर, पण खराच. हातातला तांब्या तसाच धरून मी ओरडले, “आई! माती!”

मागाहून मी या वासाबद्दल वाचलं. इसाबेल जॉय बेअर या बाई आणि त्यांचे सहकारी थॉमस, या ऑस्ट्रेलियातल्या दोघा शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्याला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. पण आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले त्याच्या कितीतरी आधीपासून भाजलेल्या मातीतून हा वास काढून चंदनाच्या तेलात धरून ठेवत आले आहेत. ज्याला इतक्या माणसांनी जपलं, तो मला फुकट, रोज, अंगणात मिळत होता. आणि मी आयुष्यभर तुळशीला पाणी घालताना मनात भाजीचा हिशेब करत होते.

बाकीचे वास हळूहळू आले. लवंग, हळद, मग चहातलं आलं. आता मी सगळे उभी राहून घेते. डबा उघडल्यावर गोडा मसाला लगेच वाटीत काढत नाही, आधी एक श्वास. ह्याला वेळ किती लागतो? एका श्वासाचा.

एक गोष्ट राहिली. वय वाढतं तसं नाकही मंदावत जातं. डोळे, कान अधू झाले तर लोकांना दिसतं. नाक गेलेलं कुणाला दिसत नाही, आणि माणसं सांगतही नाहीत, जशी मी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरात कुणी वडीलधारं हल्ली जेवणाला नावं ठेवत असेल, तर रागावण्याआधी एकदा विचारून पाहा.

सासूबाई आता नव्वदीकडे झुकल्यात. स्टूल अजून तिथंच आहे. परवा मी फोडणी केली आणि नेहमीसारखं विचारलं, “आई, झाला का हो हिंग?”

“थांब,” त्या म्हणाल्या. “अजून कच्चा आहे.”

हिंग झाला होता. मला स्पष्ट कळत होतं. मी आच बारीक केली आणि थांबले.

“आता टाक,” त्या म्हणाल्या. मी हळद टाकली.

जेवताना हे म्हणाले, “आज आमटी जरा वेगळी लागतेय.”

“खरपूस झालीय,” मी म्हटलं. सासूबाईंनी मान डोलावली आणि आणखी एक वाटी मागून घेतली.