उंच गाडी, मोठे टायर : लाभ आणि मोल

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जेथे डांबरी रस्ता संपतो तेथून पुढे जाणारे वाहन म्हणून जीपगाडीची ओळख जगाला झाली. 1941 मध्ये विलीस कंपनीने अमेरिकन सैन्यासाठी ज्या जीपचे उत्पादन सुरू केले, तिचे टायर आजच्या मानाने अगदी अरुंद म्हणजे सुमारे 6 इंच रुंदीचे व 16 इंची रिमवर बसणारे होते. पुढे मुंबईत महिंद्र कंपनीने याच जीपची जुळणी आरंभिली, आणि बांधकाम खात्याचे अभियंते, वनाधिकारी, डॉक्टर व शेतकरी यांची ती सहचरी झाली. अरुंद टायरांच्या या गाडीने कित्येक दुर्गम वाटा पार केल्या.

आज या जातीच्या गाड्यांना गॅरेजमध्ये नेऊन त्यांची उंची वाढवावयाची व मोठे टायर बसवावयाचे, अशी प्रथा तरुणांत रूढ होत आहे. तिच्यामागे केवळ हौस आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. कुळे गावाहून दूधसागर धबधब्याकडे जाणाऱ्या जीपगाड्यांना ओढ्यांच्या पाण्यातून व दगडगोट्यांतून वाट काढावी लागते. डोंगरातील वाडीवर राहणाऱ्या कुटुंबाला आजारी माणूस दवाखान्यात न्यावयाचा असतो. गाडीचे पोट दगडाला घासू नये ही त्यांची गरज खरी आहे. प्रश्न इतकाच, की ही गरज गाडी उंच केल्याने कितपत भागते आणि त्यासाठी काय मोल द्यावे लागते.

उंची नेमकी किती वाढते?

गाडी उंच करण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात चेसिस व बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून केवळ बॉडी वर उचलतात. दुसऱ्यात अधिक कमानीचे पाटे, लांब स्प्रिंगा किंवा पाटे व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ठोकळे बसवून चेसिससह सर्व गाडी वर घेतात. दोन्ही प्रकारांत मडगार्डखाली मोठ्या टायरांना जागा होते. दुसऱ्या प्रकारात गाडीचे पोटही वर जाते, आणि खड्ड्यातून बाहेर पडताना पुढचा बंपर जमिनीला लागण्याचा संभव कमी होतो. हे लाभ नाकारण्याचे कारण नाही.

परंतु ज्या गाड्यांचा अ‍ॅक्सल अखंड असतो, त्यांचा जमिनीला सर्वांत जवळ असणारा भाग म्हणजे अ‍ॅक्सलच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा होय. तो चाकांना जोडलेला असल्याने पाटे कितीही उंच केले तरी जागचा हलत नाही. त्याला वर नेणारी वस्तू एकच, ती म्हणजे टायर. टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्म्यानेच तो वर जातो.

एक उदाहरण पाहू. 235/70 आर 16 या मापाच्या टायरचा व्यास सुमारे 735 मिलिमीटर असतो. त्याऐवजी 265/75 आर 16 हा टायर बसविला तर व्यास सुमारे 804 मिलिमीटर होतो. फरक 69 मिलिमीटरचा, पण गोळा वर गेला तो सुमारे 34 मिलिमीटर, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीइतका. एवढ्या उंचीसाठी मालकाने चार टायर घेतले, पाटे बदलले, आणि गाडीच्या इतर अनेक भागांवर त्यांनी कधी सोसला नव्हता असा भार टाकला.

एका बदलामागून दुसरा

वाहनाचा प्रत्येक भाग इतर भागांशी बांधलेला असतो. वर सांगितलेला टायर व्यासाने साधारण 9 टक्के मोठा आहे. चाक एकदा फिरले की गाडी पूर्वीपेक्षा तितकीच अधिक पुढे जाते, पण वेगदर्शक काट्याला हे कळत नाही. तो जुन्या हिशेबाने ताशी 60 किलोमीटर दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे साडेपासष्टच्या वेगाने धावत असते.

ब्रेकची गोष्ट याहून गंभीर आहे. ब्रेक चाकाला मध्याजवळ धरून ठेवतो आणि टायर जमिनीला कडेशी टेकतो. ही कड मध्यापासून जितकी दूर, तितका त्याच ब्रेकचा जमिनीवरील जोर कमी पडतो. आपल्या उदाहरणात पायाचा दाब तोच ठेवला असता हा जोर सुमारे साडेआठ टक्क्यांनी घटतो. शिवाय जड टायर फिरत असताना त्याला थांबविण्यास अधिक श्रम पडतात. घाट उतरताना आपण गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या आधारे तिला आवरतो. तो आधारही त्याच प्रमाणात उणावतो. भरलेली गाडी चोर्ला किंवा अनमोड घाटातून उतरत असता या दोन्ही उणिवा एकाच वेळी भोवतात.

पाटे उंच केले की प्रोपेलर शाफ्टचा कोन तीव्र होतो, क्रॉस लवकर झिजतात आणि गाडी थरथरू लागते. स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात, त्यामुळे खड्ड्यावरून जाताना चाक आपोआप एका बाजूस ओढ घेते. ब्रेकची रबरी नळी पूर्वीच्याच लांबीची राहिली तर चाक पूर्ण खाली लोंबताच ती ताणली जाते व तुटूही शकते. काही जण रिम बाहेरच्या बाजूस सरकवून चाकांतील अंतर वाढवितात. त्याने चाकाच्या बेअरिंगवर भलताच ताण पडतो. नव्या गाड्यांत चाक अडकू न देणारी व गाडी घसरू न देणारी जी विद्युत् यंत्रणा असते, तिची मांडणी ठराविक मापाच्या टायरांसाठी केलेली असते.

पाण्यातून जाण्याबाबतही एक गैरसमज आहे. गाडी उंच केली तरी अ‍ॅक्सल पाण्यातच बुडतो. त्यावरील हवेची छोटी नळी वर नेली नसेल, तर तापलेला गोळा पाण्यात थंड होताच पाणी आत ओढून घेतो. अशा गोळ्यातील तेल दुधासारखे पांढरे दिसते. ते वेळीच बदलले नाही तर आतील दाते निकामी होतात.

गाडी का उलटते?

गाडीच्या स्थैर्याचा हिशेब शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगा आहे. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराचा अर्धा भाग घ्यावा आणि त्याला जमिनीपासून गुरुत्वमध्याच्या उंचीने भागावे. जो अंक येईल तो जितका लहान, तितकी गाडी उलटण्याची भीती मोठी. अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने 2001 सालच्या मॉडेलांपासून गाड्यांना उलटण्याच्या धोक्याचे दर्जे देताना हाच अंक आधारास घेतला.

समजा, चाकांतील अंतर 142 सेंटिमीटर व गुरुत्वमध्याची उंची 65 सेंटिमीटर आहे. 71 ला 65 ने भागले की 1.09 हा अंक मिळतो. आता गुरुत्वमध्य 10 सेंटिमीटर वर गेला, तर 71 ला 75 ने भागावे लागेल आणि अंक येईल 0.95. एवढ्याशा उंचीने स्थैर्य सुमारे 13 टक्क्यांनी घटले. टपावर पोती बांधली किंवा माणसे बसविली की गुरुत्वमध्य आणखी वर सरकतो. ज्या वळणावर चालक वर्षानुवर्षे एका वेगाने गाडी वळवीत आला, त्याच वळणावर तोच वेग आता धोक्याचा ठरतो. वळण तेच, हात तोच, रस्ताही तोच असल्यामुळे चालकाला त्याची चाहूलही लागत नाही.

या बदलाचे मोल केवळ गाडीचा मालक देत नाही. उंच गाडीचे दिवे समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर पडतात. बॉनेटपुढे चालकाला न दिसणारी जागा वाढते, आणि त्या जागेत उभे असलेले मूल त्याच्या दृष्टीस पडत नाही. लहान मोटारीशी टक्कर झाली तर उंच बंपर तिच्या बंपरला न लागता वर, दारावर किंवा काचेवर आदळतो. ज्यांना या हौसेची कल्पनाही नसते त्यांच्या जिवाशी तिचा असा संबंध येतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा आशय स्पष्ट केला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम 182 अ समाविष्ट झाले. मुभा नसलेला बदल करणाऱ्या मालकास त्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही अशा बदलामुळे वाद उपस्थित होतो, आणि त्याची झळ जखमींच्या कुटुंबास लागते.

जेथे गरज खरी आहे

मोठे टायर मुळातच त्याज्य आहेत असा मात्र याचा अर्थ नाही. आइसलँड देशात हिमनद्यांवर व खोल बर्फावर प्रवास करावा लागतो. तेथे 1980 नंतरच्या दशकात मोठे, कमी हवेचे टायर बसविण्याचे तंत्र विकसित झाले. 38 व 44 इंच व्यासाचे टायर लावलेल्या गाड्या तेथील बचाव पथके वापरतात. पण अशा बदलास तेथे नियम आहेत व गाडीची तपासणी होते. टायरांबरोबर गिअरचे प्रमाण, स्टिअरिंग, ब्रेक आणि वेगदर्शक यांचाही विचार केला जातो.

आइसलँडच्या अनुभवातील खरा धडा व्यासाचा नसून हवेच्या दाबाचा आहे, आणि तो आपल्या साध्या टायरांनाही लागू पडतो. चाकावर 450 किलो भार असून टायरमध्ये 30 पौंड हवा असेल, तर स्थूल हिशेबाने टायर सुमारे 214 चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. तीच हवा 15 पौंडांवर आणली की टेकण्याची जागा साधारण दुप्पट होते. चिखलात किंवा वाळूत चाक रुतत असेल तर एवढ्याने बहुधा काम भागते. दोन पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. कमी हवेवर गाडी अगदी हळू चालवावी व जोराने वळवू नये, नाही तर टायर रिमवरून निसटतो. पक्का रस्ता लागताच पंपाने हवा पूर्ववत भरावी. हातपंप व दाब मोजण्याचे साधन यांना येणारा खर्च चार मोठ्या टायरांपुढे नगण्य आहे.

याखेरीज फोर-व्हील ड्राइव्हचा खालचा गिअर योग्य वेळी वापरणे, उतरून वाट पायी पाहून घेणे, खड्ड्यात चपटे दगड घालणे, जवळ दोर व फावडे बाळगणे हे जुन्या जीपचालकांचे उपाय आजही तितकेच उपयोगी आहेत. टायर बदलावयाचेच असतील तर उत्पादकाने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांतूनच निवडावेत. ही मापे वाहनासोबतच्या पुस्तिकेत व सामान्यतः दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेली असतात. शंका असल्यास गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी.

प्रत्येकाचा वाटा

गावकऱ्यांनी आपल्या वाडीवर येणारी गाडी पाहावी. ती उंच केलेली असेल तर टपावर बसणे कटाक्षाने टाळावे व मुलांना तिच्यापुढे खेळू देऊ नये. तपासणी अधिकाऱ्यांनी केवळ टायरचे माप पाहून न थांबता गाडीखाली वाकून ब्रेकच्या नळ्या, पाट्यांखालचे ठोकळे व स्टिअरिंगच्या दांड्या पाहाव्यात, आणि दंडाच्या पावतीबरोबर धोक्याचे कारणही मालकास समजावून द्यावे. दंड विसरला जातो, पटलेले कारण सहसा विसरले जात नाही. शिक्षकांनी गुरुत्वमध्याचा धडा शिकविताना पुस्तकातील ठोकळ्याऐवजी शाळेच्या फाटकासमोरून जाणाऱ्या जीपचे उदाहरण घ्यावे. आज वर्गात तो भागाकार करणारा मुलगा उद्या गाडीचा मालक होणार आहे.

शासनाकडेही एक कर्तव्य येते. ज्या वाडीपर्यंत मोरी व खडीचा रस्ता पोहोचतो, तेथे उंच गाडीची निकड आपोआप कमी होते. म्हणून ज्या ओढ्यावर दर पावसाळ्यात गाड्या अडतात, त्याची माहिती ग्रामपंचायतीने ठराव करून वेळेवर कळवावी. वाटेतला एक दगड दूर केला तर तो त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकासाठी दूर होतो, आणि त्यासाठी कोणाच्याही गाडीचे स्थैर्य खर्ची पडत नाही.