दगड लिहू का देव लिहू?
(वनहक्काच्या बैठकीत केलेलं भाषण)



मागल्या बैठकीत आमच्या पाड्याच्या सामूहिक दाव्याचं काम मधेच थांबलं. कशानं थांबलं ते सगळ्या पाड्यांना कळलं पाहिजे, म्हणून आज तेवढंच बोलणार आहोत.

म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्यायला आम्ही एक पोर बसवला होता. वय बारा. मिशनच्या बोर्डिंगात शिकतो, अक्षर मोत्यासारखं. बाप ख्रिस्ती झालेला, आजा मात्र वाघदेवाचा, हिरव्याचा. सुट्टीत आला की पोर रविवारी मिस्साला जायचा आणि वाघबारशीला गुराख्यांच्या मागं वाघदेवाकडे. कधी कुणी काही म्हटलं नाही. यंदा शाळेत कुणी तरी सांगितलं, दगडाला हात जोडणं पाप, वाघदेव म्हणजे सैतान. पोर वाघबारशीला घरातच बसला. आजा दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

तर जबाब चालू होता. आजा सांगत होता, "वरकशीच्या वरल्या अंगाला वाघदेव. माझ्या आज्यानं मांडलेला." पोराचं पेन थांबलं. म्हणाला, "दगड लिहू का देव लिहू? देव लिहिलं तर फादरपुढं पाप कबूल करावं लागंल. दगड लिहिलं तर आजा मरंल."

आम्ही हसलो. चुकलंच ते. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं.

आमच्यातलेच काही शहाणे म्हणाले, देवबिव राहू द्या, जमिनीचं बोला. अरे, हे जमिनीचंच आहे! २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम बघा. नियम १३ मध्ये पुरावे दिलेत, त्यात जुन्या विहिरी आहेत, मसणवट आहे, पवित्र स्थळं आहेत. दाव्याला निदान दोन पुरावे लागतात. वाघदेव कागदावर आला नाही, तर एक पुरावा आपणच बुडवला.

दुसऱ्या बाजूनं बाहेरचे काही येऊन सांगतात, ख्रिस्ती झाला तो आदिवासी राहिला नाही, त्याला यादीतून काढा. साफ खोटं. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात आहे, आपल्या नाही. आणि पोराला काढलं तर त्याची जमीन आज्याला मिळणार का? ती वनखात्याकडेच राहणार.

आम्ही एका फादरकडेही गेलो. मिशनचा राग होता, खोटं कशाला सांगा, पण आमच्यातले निम्मे मिशनच्याच शाळेत लिहायला शिकलेत. फादर म्हणाले, १९६५ साली रोमच्या धर्मसभेनं ठरवलंय, दुसऱ्या धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. आम्ही विचारलं, मग पोरांना सैतान कोण शिकवतं? फादर गप्प बसले.

पोराला हे येऊन सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण पेन काही उचललं नाही.

मग आजाच उठला. पोराला हाताला धरून मसणवटीत घेऊन गेला, आम्ही मागं. त्याची आजी मरायच्या आधी ख्रिस्ती झाली होती, तिला पुरलेलं आहे. वर सिमेंटचा क्रूस, त्यावर १९९४. पोरानं आजीला पाहिलेलं नाही. आजा म्हणाला, "ह्या क्रूसाची वाळू मी नदीवरून डोक्यावर आणली. वाघदेव मला काही बोलला नाही."

पोर तिथंच गुडघ्यावर कागद घेऊन बसला. आधी आजीची कबर लिहिली, साल लिहिलं. मग वाघदेव लिहिला, कुणी मांडला ते लिहिलं. देव हा शब्द त्यानं दोनदा गिरवला. पुढल्या वाघबारशीला तो जाईल का, ते आम्ही विचारलं नाही. कुणी विचारूही नका.

आता तुमच्या पाड्यांचं. वाघदेव, हिमाय, क्रूस, पडकी विहीर, जे असेल ते म्हाताऱ्यांना विचारून नकाशावर घ्या. स्वतःच्या प्लॉटच्या दाव्याला स्वतःचा जबाब चालत नाही, दुसऱ्या म्हाताऱ्याचा घ्या. आणि अंगठा राहून जातो, तो आधी घ्या.

जिंदाबाद!