उडी आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



उडीचा विषय बायकांच्या मंडळात कशाला, असे कुणी म्हणेल. पण उडी आपल्याला चुकली आहे का? आखाजीला निंबाच्या झाडाचा झोका थांबायच्या आत पोरी खाली उडी टाकतात. कापसाच्या गाडीवरून, धाब्यावरून आपणही उतरतोच. जळगाव काय नि धुळे काय, सगळीकडे हेच.

माळ्यावरून कुणी भांडे खाली सोडले, तर आपण ते हात थोडे खाली नेत झेलतो. हात ताठ धरले तर झिणझिण्या येतात. पायांचेही तसेच आहे. ताठ पायांनी उतरले की सारा दणका टाचेतून गुडघ्यात आणि मणक्यात जातो. गुडघे वाकवले की तोच दणका मांड्यांचे स्नायू हळूहळू पेलतात.

म्हणून उडीआधी खाली दगड, खड्डा आहे का ते पाहावे. निऱ्या वर खोचाव्या. कडेवरचे मूल आधी कुणाच्या हाती द्यावे. काठावर बसून मग उतरावे, म्हणजे तेवढी उंची कमी होते. दोन्ही पाय थोडे अंतर ठेवून एकदम टेकवावे. आधी चवडे, मग टाचा, आणि लगेच गुडघे वाकवावे. तोल गेलाच तर ताठ हात जमिनीला टेकू नये, मनगट मोडते. अंग आवळून कुशीवर लोळावे. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे ठिसूळ होतात, तेव्हा आपल्या वयाच्या बायकांनी शिडी असताना उडी मारूच नये.

चालत्या गाडीतून मात्र ही युक्ती चालत नाही. गाडीचा वेग आपल्या अंगातही असतो. पाय जमिनीवर थांबतात, अंग पुढे फेकले जाते.

आणि थांबलेल्या गाडीतूनही पाहिल्यावाचून उतरू नये. 22 जानेवारी 2025 रोजी आपल्याच पाचोरा तालुक्यात, परधाडे स्टेशनाजवळ काय झाले ते आपण जाणतो. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढली गेली, घाबरलेले उतारू शेजारच्या रुळांवर उतरले, आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान 12 जीव गेले. आग नव्हतीच. त्यांना पायांनी दगा दिला नाही, घाईने दिला.

आगगाडीतून खरोखर उतरावे लागलेच, तर दुसरा रूळ नसलेल्या बाजूने उतरावे. तोंड डब्याकडे करून, दांडा धरून, एकेक पायरी पाठमोरे खाली यावे आणि रुळांपासून दूर जाऊन उभे राहावे.

येत्या आखाजीला झोक्याखाली माती भुसभुशीत करून ठेवू. झोका थांबल्यावरच उतरायचे, हे मुलींना सांगूच. पण बुटक्या पाटावरून गुडघे वाकवून उतरायलाही शिकवू. आधी पाहणे, मग उडी, ही सवय लहानपणीच लागली तर पुढे घाबरल्या वेळीही ती कामी येईल.