देवनागरी अक्षरजुळणीच्या नव्या सोयी

(उज्जैन येथील राम घाटावर मराठी भाषक रहिवासी, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण जेथे बसलो आहोत, तेथून हाकेच्या अंतरावर तीर्थोपाध्यायांच्या गाद्या आहेत. लाल कापडात बांधलेल्या त्यांच्या लांबट वह्या आपण सर्वांनी पाहिल्या असतील. यात्रेकरूने गावाचे आणि कुळाचे नाव सांगावे, गुरुजींनी वहीचा गठ्ठा सोडावा, आणि थोड्याच वेळात आजोबांचे, पणजोबांचे नाव समोर यावे, हा अनुभव येथे नित्याचा आहे. या वह्या हाताने लिहिलेल्या, शाई फिकटलेली, अक्षर पिढीगणिक बदललेले. तरीही नाव सापडते.

आता दुसरी हकीकत ऐकावी. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने कागदपत्रांत त्रुटी असलेल्या व्यक्तींची यादी संकेतस्थळावर ठेवली होती. माझ्या परिचयाच्या एका शिक्षकांनी ती उघडून शोधाच्या चौकटीत आपले आडनाव लिहिले. 'आढळले नाही' असे उत्तर आले. आपले नाव यादीत नाही असे समजून ते निश्चिंत झाले. मुदत टळल्यानंतर कोणीतरी ती यादी छापून त्यांच्या हाती दिली, तेव्हा चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या पानावर त्यांचे नाव स्वच्छ मराठीत छापलेले होते. डोळ्यांना दिसणारे नाव संगणकाला दिसत नव्हते. त्या एका गोष्टीपायी त्यांना पुढे अनेक महिने खेटे घालावे लागले.

असे का व्हावे, आणि अक्षरजुळणीच्या आधुनिक पद्धतींत यावर कोणते उपाय निघाले आहेत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय थोडा तांत्रिक आहे. परंतु ज्याला अर्ज लिहावा लागतो आणि ज्याला तो वाचावा लागतो, त्या दोघांचाही त्याच्याशी संबंध आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. मराठीतील पहिले छापील पंचांग गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर काढले. ज्या उज्जयिनीवरून प्राचीन ज्योतिर्विदांनी मध्यरेषा मोजली, तेथे पंचांगाचा उल्लेख वावगा ठरू नये. शिळाप्रेसवर हाताने लिहिलेलेच उमटते, त्यामुळे जोडाक्षरांची अडचण नव्हती. ती आली शिशाच्या खिळ्यांबरोबर. इंग्रजीची अक्षरे सव्वीस, लहान-मोठी धरून बावन्न. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांची संख्या काही शेकड्यांवर जाते. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने या खिळ्यांना जे सौंदर्य दिले, ते आजही जाणकारांना मोह घालते. पण त्यासाठी कंपोझिटरला भल्या मोठ्या केसांपुढे उभे राहून एकेक खिळा वेचावा लागे.

म्हणून लिपीच बदलावी असा विचार पुढे आला. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात लक्ष घातले होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अ'ची बाराखडी पुरस्कारिली. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यावी असे सुचविले आणि अवघ्या चार वर्षांत, १९५७ मध्ये, ती सूचना मागे घ्यावी लागली. या सर्व थोरांचा हेतू चांगला होता. यंत्र आखूड होते, म्हणून लिपीने अंग चोरून घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ. आज स्थिती उलट झाली आहे. यंत्र लिपीपुढे वाकावयास शिकले आहे.

मात्र मध्यंतरीचा एक कालखंड फार गोंधळाचा गेला. संगणकावर मराठी आली तेव्हा प्रत्येक टंकसंच बनविणाऱ्याने आपापली व्यवस्था लावली. इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेल्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसविली गेली. पडद्यावर 'पाटील' दिसे. संगणकाच्या पोटात मात्र चार-पाच इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी असे. तोच टंकसंच नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर ती खिचडी जशीच्या तशी प्रकट होई. १९९१ मध्ये युनिकोड ही जागतिक सांकेतिक व्यवस्था प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला कायमचा क्रमांक मिळाला. २०१४ मध्ये मोडीलाही असे क्रमांक मिळाले. शिंदेशाहीच्या या नगरीत घरोघरी ज्यांच्या पेट्यांत मोडी दप्तरे पडून आहेत, त्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

क्रमांक मिळाले तरी अक्षरे कागदावर नीट मांडण्याचे काम उरतेच. त्या कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीची ओळख मी करून देणार आहे. तिचे नाव लाटेक. तिचे मूळ टेक या कार्यक्रमात आहे. डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन गणिताचार्यांना १९७७ मध्ये आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून इतका विषाद वाटला, की त्यांनी ग्रंथलेखन बाजूस ठेवून अक्षरजुळणीचा कार्यक्रम लिहावयास घेतला. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक उभारले. ते कोणासही विनामूल्य मिळते. यात लेखकाने हे प्रकरणाचे शीर्षक, ही तळटीप, हा तक्ता, एवढेच सांगावयाचे. मांडणी यंत्र करते. ओळ कोठे तोडावी हे ठरविताना ते एकेका ओळीपुरते पाहत नाही, सबंध परिच्छेदाचा विचार करते. जुना कसबी कंपोझिटर पुढच्या ओळीवर नजर ठेवून फटी भरी, तसेच हे.

मराठीला या पद्धतीचा लाभ टप्प्याटप्प्याने झाला. १९९१ मध्ये फ्रान्स वेल्टहाउस या डच गृहस्थांनी टेकसाठी देवनागरीची सोय केली, पण मजकूर रोमन अक्षरांत टंकित करावा लागे. २००४ मध्ये जॉनथन क्यू यांचे झीटेक आले आणि सरळ देवनागरीत लिहिता येऊ लागले. पुढे हार्फबझ नावाचा अक्षरे जुळविणारा भाग त्यात आला, आणि २०२० पासून तो ल्वाटेक या भावंडाच्या नव्या रूपातही बसविला गेला. वर्णांचे क्रमांक पाहून जोडाक्षर कसे बनवावे, रफार कोठे चढवावा, वेलांटी कोठे ओढावी, हे काम हाच भाग करतो.

येथे उदाहरण देतो, म्हणजे महत्त्व पटेल. 'आचार्यांना मानधन' आणि 'आचाऱ्यांना मानधन' या दोन मथळ्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले गुरुजनांना, दुसरे स्वयंपाक करणाऱ्यांना. तसेच 'दर्या' आणि 'दऱ्या'. मराठीतील हा डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र हिंदीला लागत नाही. म्हणून केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या टंकसंचांत तो पुष्कळदा नसे, आणि आमचे आचारी आचार्य होऊन बसत. आज युनिकोडमध्ये आणि या नव्या जुळणीत दोन्ही रूपे वेगळी ठेवता येतात. टंकणाऱ्याने मात्र योग्य कळ दाबली पाहिजे.

दुसरी सोय तर उज्जैनच्या रहिवाशांसाठीच केली आहे असे वाटावे. येथील फलक हिंदी, घरातली पत्रिका मराठी. दोहोंची लिपी एक. तरी 'ल' आणि 'श' यांची वळणे निराळी. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यांचा आग्रह धरला आहे. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांच्या 'ल'ला क्रमांक एकच. मग भेद कसा राखावा? मजकुराची भाषा कोणती हे लाटेकला सांगितले, आणि टंकसंचात तशी तरतूद असली, म्हणजे एकाच पानावर मराठी परिच्छेदात मराठी 'ल' आणि हिंदी परिच्छेदात हिंदी 'ल' आपोआप उमटतो. आपल्या माघातली महाशिवरात्र शेजाऱ्याच्या फाल्गुनात पडते, तरी महाकालाच्या दर्शनाला दोघे एकाच दिवशी जातात. त्यातलाच हा प्रकार.

आता त्या शिक्षकांच्या यादीकडे वळू. छापण्यायोग्य पीडीएफ प्रतीत अक्षरांची चित्रे दिसतील त्या क्रमाने ठेवलेली असतात. 'कि' मध्ये उच्चार आधी 'क'चा, पण वेलांटी दिसते आधी. रफार उच्चारात आधी, दिसतो पुढल्या अक्षराच्या डोक्यावर. म्हणून मूळ मजकूर युनिकोडमध्ये असूनही पीडीएफमधून तो उचलताना अक्षरे उलटीपालटी होतात, आणि शोध चुकतो. यावर उपाय असा, की प्रत्येक चित्रामागे मूळ मजकूर अदृश्यपणे जोडून ठेवावा. झीटेकमध्ये आणि ल्वाटेकमध्ये तशी सोय झाली आहे.

याच्याही पुढचे पाऊल लाटेकच्या चालकांनी २०२० पासून हाती घेतले आहे. शीर्षक कोणते, परिच्छेद कोठे संपतो, तक्त्यातील रकान्याचे नाव काय, याच्या खुणा पीडीएफमध्ये आतून नोंदल्या जाव्यात, असा तो अनेक वर्षांचा प्रकल्प आहे. अंध व्यक्तीचा संगणक पान मोठ्याने वाचून दाखवितो, तेव्हा या खुणा नसतील तर तक्ता म्हणजे आकड्यांची निरर्थक रांग ठरते. खुणा असतील तर 'गाव', 'गट क्रमांक', 'रक्कम' असे रकान्यासह ऐकू येते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक मजकूर त्यांना वापरता येईल असा असावा हे तत्त्व मान्य केले आहे. तेव्हा ही हौसेची बाब राहिलेली नाही.

लाटेक सर्वांनी सर्व कामांसाठी वापरावे असे माझे म्हणणे नाही. एका पानाच्या सूचनेसाठी ते शिकण्याचा खटाटोप व्यर्थ होईल. आरंभीचे आठ-पंधरा दिवस ते माणसाचा अंत पाहते. चुकीचा एक कंस राहिला तरी अडून बसते. परंतु वार्षिक अहवाल, गणिताची प्रश्नपत्रिका, ग्रंथसूची, पंचांग अशी तक्त्यांची आणि तळटीपांची कामे वर्षानुवर्षे करावयाची असतील, तर हा त्रास पहिल्याच वर्षी फिटतो. शाळेतील एखाद्या शिक्षकाने आणि कार्यालयातील एखाद्या लिपिकाने तरी ते शिकून घ्यावे.

आणि जे लाटेक वापरणार नाहीत, त्यांनीही दोन गोष्टी कराव्यात. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. आणि यादी प्रसिद्ध करण्यापूर्वी पीडीएफ उघडून तीतील पाच-दहा नावे शोधून पाहावीत. जुन्या टंकसंचांतील याद्या युनिकोडमध्ये आणताना रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात, त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. रूपांतर झाल्यावर प्रथम 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि रफार असलेली आडनावे काढावीत आणि मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावीत. चुका बहुधा तेथेच सापडतात.