शिवणाचा तास
(माजी विद्यार्थिनींच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या इतिहासावर थोडं बोल, असं समितीने सांगितलं तेव्हा मी एकच अट घातली, मराठीत बोलेन. इंग्रजी भाषण पाठ करून व्यासपीठावर चढताना होणारी धडधड आता या वयात नको!

कॅम्पातली आपली जीझस अँड मेरी कॉन्व्हेंट शाळा 1860 ची, हे आपल्याला झोपेतही सांगता येतं. पण 1860 चं पुणं कसं होतं? मुंबईहून पुण्याला सरळ रेल्वे नव्हती. घाटाच्या वरचा खंडाळा-पुणे रस्ता 1858 मध्ये सुरू झाला होता, पण बोरघाटातून गाडी गेली 1863 मध्ये. तोवर मुंबईहून येणाऱ्याने खाली गाडीतून उतरायचं, घाट पालखीने नाहीतर गाडीघोड्याने चढायचा आणि वर पुन्हा आगगाडीत बसायचं. आणि मुलींच्या शिक्षणाचं म्हणाल, तर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली 1848 मध्ये, म्हणजे आपल्या आधी बारा वर्षं. भिडेवाडा आणि कॅम्प यांत तासाभराची पायपीट असेल नसेल. तरी ही दोन पुणी एकमेकांकडे पाठ करून बसलेली. किती, तर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे, टिळकांसारख्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. (ते मिशन अँग्लिकन, आपल्या सिस्टर कॅथलिक. पण आमच्या कसब्यातल्या आत्याला हा फरक शेवटपर्यंत पटला नाही. तिच्या लेखी सगळी "मडमांचीच शाळा".)

आपल्या शाळेचं मूळ मात्र पुण्यातही नाही आणि साहेबाच्या इंग्लंडातही नाही. ते फ्रान्समधल्या लियाँ शहरात आहे. क्लॉडीन तेवेने ही तिथल्या रेशमाच्या व्यापाऱ्याची मुलगी. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धुमश्चक्रीत, जानेवारी 1794 मध्ये, तिच्या दोन भावांना गोळ्या घातल्या गेल्या. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तिने ते डोळ्यांनी पाहिलं. त्या धक्क्याने तिची मान आयुष्यभर कापत राहिली, असं तिच्या चरित्रांत सांगतात. मारणाऱ्यांना क्षमा कर, एवढंच भावांनी तिला सांगून ठेवलं होतं.

पुढे एका धर्मगुरूंना चर्चच्या दाराशी टाकून दिलेल्या दोन लहान मुली सापडल्या. त्यांची सोय क्लॉडीनने केली आणि तिथून काम वाढत गेलं. 1818 मध्ये तिने मैत्रिणींना घेऊन संघ स्थापन केला, तो विणकरांच्याच वस्तीत. सुरुवातीला जवळ काय होतं? एक अनाथ मुलगी, एक कामगार बाई आणि एक रेशमाचा माग, असं सांगितलं जातं. लियाँ म्हणजे रेशमाचं शहर. तिथे मुलीच्या हातात रेशमाचं काम आलं की तिला उपाशी मरायची भीती नव्हती, निदान कमी होती. म्हणून प्रार्थना, लिहिणं-वाचणं आणि जोडीला काम. पुढे पैसेवाल्यांच्या मुलींसाठी निवासी शाळाही निघाली, पण पहिला होता तो माग. क्लॉडीन 1837 मध्ये गेली. हिंदुस्थान तिने पाहिला नाही. तिच्या सहा सिस्टर 1842 च्या जानेवारीत निघाल्या त्या नोव्हेंबरात आग्र्याला पोचल्या. त्यानंतर अठरा वर्षांनी पुणं.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर एक वाक्य माझ्या तोंडून गेलं नसतं.

शिवणाचा तास तुम्हाला आठवत असेल. शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. धावदोरा, उलटटाका, काजं, मग स्मॉकिंग. आपल्या मदर (तेव्हा आपण मदरच म्हणायचो) टाके भिंगातून पाहिल्यासारखे पाहायच्या आणि काही न बोलता उसवायच्या. माझं एक काज चार वेळा उसवलं गेलं. मला गणित आवडायचं. डोक्याने हुशार मुलींना सुई कशाला, हे मी घरी येऊन रोज ऐकवायची.

आठवीत असताना, 1967 च्या पावसाळ्यात, वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. खडकीच्या कारखान्यातली नोकरी गेली. शाळेतून काढून नगरपालिकेच्या शाळेत घालायचं, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. आईने एक दिवस माझी शिवणाच्या नमुन्यांची वही उघडली आणि विचारलं, "हे चुण्यांवरचं मधाच्या पोळ्यासारखं कसं करतात?" मला येत होतं तेवढं मी कंटाळत दाखवलं. पंधरा दिवसांत ती माझ्यापेक्षा सफाईने करायला लागली. मेन स्ट्रीटवरच्या एका दुकानदाराने लहान मुलींचे फ्रॉक द्यायला सुरुवात केली. एका फ्रॉकच्या स्मॉकिंगचे दोन रुपये. चौथी शिकलेली माझी आई रात्री कंदिलाजवळ बसायची (विजेचं बिल वाचावं म्हणून), बोटात अंगुस्तान घालून. दुकानात माल पोचवायचं काम माझं. शाळेतल्या कुणी पाहू नये म्हणून मी मागच्या बोळातून जायची. आणि कधीतरी वर्गातल्याच एखादीच्या धाकट्या बहिणीच्या अंगावर आईच्या हातचा फ्रॉक दिसायचा. मी तिकडे बघायचंच टाळायची.

1971 मध्ये मी अकरावी झाले, पुढे गणितात एम.एस्सी., मग प्राध्यापकी. खूप वर्षांनी एका समारंभात माजी विद्यार्थिनी म्हणून मला बोलवलं. मी टाळ्या मिळवायला म्हणाले, "शाळेने सगळं चांगलं शिकवलं, फक्त शिवणाच्या तासात आमची चार वर्षं वाया घालवली." हशा झाला. आई दुसऱ्या रांगेत बसली होती. तीही हसली.

रिक्षात काही बोलली नाही. घरी आल्यावर पातळाची घडी करता करता म्हणाली, "तुझी फी कशातून भरली गं?"

एवढंच. परत कधी तो विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही, आणि ते मला अजून सलतं. ती जाऊन आता नऊ वर्षं झाली. लियाँच्या त्या मागाबद्दल मी वाचलं ते ती गेल्यानंतर. तिला सांगायला हवं होतं, की बाई, तू जे कंदिलाजवळ केलंस त्यासाठीच दोनशे वर्षांपूर्वी ही सगळी खटपट सुरू झाली होती. ती म्हणाली असती, "मला कुठे शाळेत घातलं होतं?" खरंच आहे ते.

आता कामाचं. शाळेत जुन्या वस्तूंचं एक कपाट करायचं ठरलं आहे. प्रगतिपुस्तकं, ढाली, फोटो भरपूर जमा झाले आहेत. शिवणाच्या नमुन्यांची वही मात्र एकीनेही दिलेली नाही! कुणाच्या माळ्यावर असेल तर कृपा करून आणून द्या, डाग पडलेली, कसर लागलेली, कशीही चालेल. सुरुवात म्हणून माझी आज आणली आहे. उसवलेलं काज पान चारवर आहे. शेवटच्या दोन पानांवरचं स्मॉकिंग माझं नाही, आईचं आहे. त्या पानांखाली तिचं नाव लिहावं, अशी समितीला विनंती आहे.